घरच्या वर्कशॉपसाठी ड्रिल मशीन: स्टँड, नवं बेंच ड्रिल की जुनं पिलर?

रेवती_ना

नमस्कार मंडळी. नाशिकला राहते. तीन वर्षं झाली, लाकडी खेळणी बनवते. भाच्यासाठी एक बैलगाडी केली, ती शेजारच्यांनी पाहिली, मग एका बालवाडीने मागवल्या, आणि आता बऱ्यापैकी काम असतं. बैलगाड्या, दोरीने ओढायची बदकं, मण्यांची पाटी (दहा तारा, प्रत्येकीत दहा मणी). लाकूड बहुतेक शिवण, कधी सागाचे तुकडे.

आत्तापर्यंत सगळी भोकं हँड ड्रिलने पाडली. आता अडतंय. ६३ मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायची दातेरी गोल वाटी) चाकं कापते, तेव्हा हात जरा जरी कलला तरी चाकाचं भोक तिरकं जातं आणि गाडी लंगडल्यासारखी चालते. पाटीच्या दोन्ही पट्ट्यांतली भोकं समोरासमोर आली नाहीत तर तार ताणली जाते, मणी मध्येच अडतात. मागच्या महिन्यात अकरा चाकं फेकली.

खालच्या मजल्यावर दहा बाय आठची खोली आहे, सिंगल फेज वीज. बजेट २५ हजार, फार ताणलं तर २७. माझ्यासमोर तीन वाटा आहेत:
पहिली, आहे त्याच हँड ड्रिलला स्टँड घेणे.
दुसरी, नवं छोटं बेंच ड्रिल (टेबलावर बसणारं), १३ मिमी चक (ड्रिल पकडणारा जबडा), पाच वेग, साधारण १० ते १२ हजार.
तिसरी, अंबडजवळ एका बंद होणाऱ्या शेडमधलं जुनं पिलर ड्रिल (जमिनीवर उभं राहणारं). बीडाचं (ओतीव लोखंडाचं), जड, थ्री फेज मोटर. मालक २२ हजार म्हणतोय.

लाकडाशिवाय कधीतरी ५ मिमी पट्टीत ८-१० मिमीची भोकंही मारावी लागतात. बाबा फिटर होते, त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आहे, पण विचारायला ते नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते.

सुतारपक्षी

स्टँडचा विचार सोडून द्या, रेवतीताई. मी दोन वापरले. दांड्यावर सरकणारा भाग पहिल्या दिवसापासून हलतो आणि महिन्याभरात आणखी हलतो. ड्रिल खाली दाबलं की अख्खं डोकं किंचित मागे झुकतं, म्हणजे ज्या तिरक्या भोकापासून पळताय तेच परत. शिवाय बहुतेक स्टँडची पकड ४३ मिमी गळ्याच्या ड्रिलसाठी असते, आपल्याकडच्या बऱ्याच ड्रिलना तसा गळाच नसतो.

भोसरीकर

+१. स्टँड बाद. आता खरी लढत दुसऱ्या आणि तिसऱ्यात. माझं मत जुन्या पिलरला, पण पाहून, तपासून. डोळे मिटून नाही.

चिऊताई

वाचतेय. मलाही हेच हवंय. वाचनखूण साठवली.

आयटीआय मास्तर

रेवतीताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: ६३ मिमीचा होल सॉ. मशीन निवडताना लोक आधी मोटर किती वॅटची ते विचारतात. मी मुलांना सांगतो, आधी सगळ्यात कमी वेग किती ते विचारा.

हिशेब सोपा आहे. माइल्ड स्टीलमध्ये (साध्या लोखंडात) एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलची, म्हणजे भोक पाडणाऱ्या बिटची, धार मिनिटाला साधारण २५ मीटर धावली पाहिजे. त्यावरून आरपीएम काढायचा तर ८,००० ला ड्रिलच्या व्यासाने भागा. ५ मिमी ड्रिल, १,६००. १० मिमी, ८००. २० मिमी, ४००. ॲल्युमिनियमला याच्या दुप्पट-अडीचपट चालतं. स्टेनलेसला निम्म्याहून कमी, नाहीतर भोकाच्या तळाला पृष्ठभाग कडक होऊन बसतो आणि ड्रिल नुसतं घासत राहतं.

लाकडाला हे सूत्र लागू नाही, लाकूड जास्त वेग सोसतं. पण मोठा होल सॉ आणि मोठं फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं) हे अपवाद. ६३ मिमीचा सॉ ३०० ते ५०० च्या दरम्यान फिरवा. त्यावर गेलात की दात कापायचं सोडून घासायला लागतात, धूर येतो, चाकाची कड काळी पडते. आता बाजारातली पाच वेगांची छोटी मशीन्स बघा. त्यांचा तक्ता बहुतेक ५८० पासून सुरू होतो आणि २,६५० ला संपतो. म्हणजे तुमच्या रोजच्या कामाचा वेगच त्यात नाही.

कमी वेग हवा असेल तर झाकण उघडून पुल्या मोजा. मोटरची एक आणि स्पिंडलची (चक फिरवणाऱ्या दांड्याची) एक, अशा दोनच पुल्या असतील तर खालचा वेग मिळणार नाही. मध्ये तिसरी पुली आणि दोन बेल्ट असतील तर २००-२५० पर्यंत उतरता येतं.

रेवती_ना

मास्तर, माझ्या चाकांच्या कडा काळ्याच होतात! मी समजत होते सॉ बोथट झालाय. दोन नवीन घेतले.

आयटीआय मास्तर

सॉ फेकू नका. ड्रिलला वेगाचं चाक असेल तर निम्म्याखाली आणून एक चाक कापून बघा.

सुतारपक्षी

मास्तरांच्या वेगाच्या मुद्द्याला जोडून एक युक्ती सांगतो, ही मशीनशिवायही चालेल. होल सॉ जळतो त्याचं दुसरं कारण भुसा. दातांच्या चरात भुसा अडकतो, बाहेर पडायला वाट नसते, तोच तापतो. सॉने आधी हलकी वर्तुळाची खूण करून घ्या. मग त्या खुणेला लागून, चाकाच्या बाहेरच्या अंगाला, ८ किंवा १० मिमीचं एक आरपार भोक मारा. त्या भोकाने सॉच्या चराला किंचित छेदलं पाहिजे. आता सॉ चालवा. भुसा त्या भोकातून भुरभुर खाली पडताना दिसेल. मी सागाचं २५ मिमी जाड चाक असंच कापतो, कड पांढरी स्वच्छ निघते. निम्म्यापर्यंत एका बाजूने, मग फळी पालटून दुसऱ्या बाजूने. म्हणजे तळाला कपची उडत नाही.

रेवती_ना

सुतारपक्षी, आत्ता करून पाहिलं. वेग कमी ठेवला आणि भोकाची युक्ती केली. शिवणीचं चाक, कड पूर्ण पांढरी. मी ते चाक हातात घेऊन बसलेय. तिरकं मात्र आहे अजून.

दशांश

मी मोजमापातला माणूस, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा. मशीन जुनं असो वा नवं, रनआऊट, म्हणजे फिरताना ड्रिल किती डुलतं ते, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. चकमध्ये नव्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा किंवा ग्राइंड केलेली पिन धरायची, त्याला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) टेकवायचा, बेल्ट हाताने फिरवायचा. काटा ०.०५ मिमीच्या आत राहिला तर उत्तम. ०.२ च्या पुढे गेला तर ड्रिल भोक पाडत नाही, भोक मोठं करत बसतं.

मग क्विल (स्पिंडलला घेऊन खाली-वर सरकणारी नळी) पूर्ण खाली ओढा आणि चक हाताने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवा. इथे खडखड जाणवली तर ते मशीन सोडा. रनआऊट चक बदलून सुधारतं, बेअरिंग बदलून सुधारतं. क्विलचं घर झिजलं असेल तर त्याला घरी इलाज नाही.

सुतारपक्षी

दशांशभाऊ, क्विलबद्दल शंभर टक्के मान्य. पण लाकडी खेळण्याला ०.०५ चा आग्रह कशाला? लाकूड पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट फुगतं. त्या आकड्याच्या नादात चांगलं मशीन हातचं जाईल.

दशांश

आग्रह आकड्याचा नाही, मोजण्याचा आहे. ०.१ आला आणि काम लाकडाचं आहे, तर घ्या की. पण माहीत असून घ्या. शिवाय ताईंचा खरा त्रास रनआऊटचा नाहीच, लंबाचा आहे. १८ मिमी जाडीच्या चाकात भोक दोन अंश कललं तर ६३ मिमी चाकाची कड दोन्ही बाजूंना मिमीभर डुलते, ते डोळ्यांना दिसतं. म्हणून टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का ते बघायचं. त्याला डायल गेजही लागत नाही. सायकलच्या आऱ्याची तार घ्या, एल आकारात वाकवा, एक टोक चकमध्ये धरा. दुसरं टोक टेबलाला जेमतेम टेकेल इतकं टेबल वर आणा. आता चक हाताने गरगर फिरवा. तार चारी बाजूंना सारखी घासली तर टेबल लंबात. एका बाजूला कागदाएवढी फट आणि दुसऱ्या बाजूला तार वाकतेय, म्हणजे टेबल कललंय.

नागदेवीचा_नागेश

माझा धंदा हार्डवेअरचा, त्यामुळे गिऱ्हाईक काय विचारतं ते रोज ऐकतो. "तेरा एमएमचं मशीन द्या." ते १३ म्हणजे चकमध्ये मावणारं ड्रिल. लोखंडात १३ मिमी रोज मारता येईल असा त्याचा अर्थ नाही. छोट्या मशीनवर १० च्या पुढे गेलात की बेल्ट घसरायला लागतो. रोजच्या कामापेक्षा एक आकार मोठं मशीन घ्यावं, हे मी विकणारा म्हणून नाही, वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून सांगतो.

ओहायोकर

नागेश यांच्या मुद्द्यात एक भर, परदेशी व्हिडिओ बघून मशीन ठरवणाऱ्यांसाठी. इथे अमेरिकेत "बारा इंची ड्रिल प्रेस" म्हणतात तेव्हा ते ड्रिलचं माप नसतं. चकच्या मध्यापासून कॉलमपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की तो आकडा येतो. बारा इंची म्हणजे कॉलमपर्यंत सहा इंच, म्हणजे बारा इंच रुंद फळीच्या मध्यावर भोक मारता येतं. रेवतीताई, तुमच्याकडची छोटी मशीन्स घेताना हे अंतर टेपने मोजा. बऱ्याच छोट्या मशीनवर ते शंभर-सव्वाशे मिमीच असतं.

आणि इथून कोणी जुनं मशीन उचलून नेणार असेल तर मोटर इथेच ठेवा. ती ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची असते.

पंचगंगा

कोल्हापूरहून. ओतकामात आयुष्य गेलं, म्हणून बीडाबद्दल चार शब्द बोलतोच. पत्र्याच्या पायाचं मशीन आणि बीडाच्या पायाचं मशीन यात नुसता वजनाचा फरक नाही. बीडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या पसरलेल्या असतात, त्या थरथर गिळतात. पोलाद थरथर पुढे पाठवतं. म्हणून बीडाच्या मशीनवर ड्रिल लोखंडात शिरताना आवाज दबका येतो, भोकाची भिंत गुळगुळीत निघते.

जुनं मशीन घेताना बीडाला तडा आहे का ते बघा. माठ घेताना बोटाने वाजवून घेतो ना, तसं. लाकडी मुठीने किंवा लहान हातोडीने पाया, टेबल, डोकं, सगळीकडे हलकं टकटक करा. अखंड ओतीव एक सलग स्वर देतं. तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. रंगाचा जाड थर एकाच ठिकाणी दिसला तर खरवडून बघा, खाली ब्रेझिंगचा (पितळ वितळवून केलेल्या जोडाचा) पिवळा पट्टा सापडू शकतो. टेबलाचा ब्रॅकेट कॉलमला जिथे आवळतो तिथला कान मोडलेला असतो बऱ्याचदा, कोणीतरी बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो.

टेबलावर चाळणीसारखी भोकं दिसली तर घाबरू नका. ते वापरणाऱ्यांच्या घाईचे डाग आहेत, त्यावर लाकडी टेबल बसवता येतं. टेबल बिघडलेलं चालेल, क्विल बिघडलेली नाही.

चिऊताई

"माठासारखं वाजवून" हे फार आवडलं, पंचगंगाकाका.

सर्किटराव

थोडं अवांतर. मी घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) करतो, ०.८ आणि १ मिमीची भोकं. माझा अनुभव उलटा. जड पिलर ड्रिल माझ्या काही उपयोगाचं नाही. त्याच्या चकमध्ये इतकं बारीक ड्रिल धरतच नाही, वेगही पुरत नाही आणि कार्बाइडचं बिट जराशा डुलण्याने कट्कन तुटतं. मी हाताएवढं छोटं मशीन घेतलं, सुखी आहे. सांगायचं एवढंच की "जड तेच चांगलं" हे प्रत्येकाला लागू नाही.

भोसरीकर

सर्किटराव, पटलं. पण ताईंची चाकं ६३ ची आहेत, तुमची भोकं ०.८ ची. मध्ये बरीच मोठी नदी आहे.

गौरांग_पेडणे

या मशीनवर थोडं मिलिंगही (फिरत्या कटरने आडवं कापणं) होईल ना? एक क्रॉस व्हाइस घेतला की झालं. ताईंना चर पाडायलाही उपयोगी.

आयटीआय मास्तर

नाही हो, गौरांग. हे कृपा करून करू नका. चक स्पिंडलला टेपरवर (निमुळत्या जोडावर) बसलेला असतो. ड्रिल करताना जोर वर जातो, त्याने टेपर आणखी घट्ट होतो. मिलिंगमध्ये जोर आडवा बसतो, शिवाय कटर खाली ओढतो. टेपरला वरून आवळणारा बोल्ट नसतो. चक धडधडतो, सैल होतो आणि फिरता फिरता खाली पडतो. आमच्या शॉपमध्ये एका मुलाने शिक्षकांच्या पाठीमागे हा प्रयोग केला होता. चक टेबलावरून उडून भिंतीला लागला. माणूस मध्ये नव्हता, हे नशीब.

गौरांग_पेडणे

समजलं, मास्तर. विचार रद्द. बरं झालं विचारलं.

भोसरीकर

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर माझा अंगठा दाखवतो. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, १० मिमीचं ड्रिल, एकच भोक राहिलं होतं. जेवणाची सुट्टी झाली होती, म्हणून क्लॅम्प न लावता हाताने धरला. ड्रिल शिरताना काही होत नाही. पलीकडे निघताना होतं. शेवटच्या क्षणी धार पत्र्याच्या उरलेल्या कडेत अडकली, पत्रा पंख्यासारखा फिरला. पाच टाके. अंगठ्याचं टोक अजून थंडीत बधिर होतं.

तेव्हापासून पत्रा असेल तर वर-खाली प्लायचे तुकडे लावून तिघांना एकत्र क्लॅम्प करतो. लांब पट्टी असेल तर तिचं मागचं टोक कॉलमच्या डाव्या अंगाला टेकवतो. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे पट्टी सुटली तरी कॉलमवर जाऊन अडते, माझ्या पोटाकडे येत नाही.

हातमोजे घालू नका. हातमोजा गुंडाळला जातो आणि हात सोबत जातो.

रेवती_ना

भोसरीकरदादा, वाचताना माझाच अंगठा मुठीत गेला. मी आजवर चाकाच्या फळ्या गुडघ्याखाली दाबून कापत होते. आज दोन सी क्लॅम्प आणले.

मुक्ता_रत्नागिरी

ताई, ओढणीही. मी काम करताना ओढणी खुंटीला आणि वेणी अंबाड्यात, हा माझा नियम आहे. मनगटावरचा गंडा, राखी, घड्याळसुद्धा काढून ठेवते. राखी काढायला जीव होत नाही, पण काढते. आणि चकची चावी चकमध्ये कधीच सोडू नका. मी चावीला दोरी बांधून ती मशीनच्या प्लगला बांधली आहे, इतकी आखूड की चावी चकमध्ये असेल तर प्लग सॉकेटपर्यंत पोचत नाही.

दशांश

मुक्ताताई, चावी-प्लगची कल्पना उत्तम आहे. मी उद्याच करतो.

नागदेवीचा_नागेश

मूळ प्रश्न राहतोय. रेवतीताई, त्या जुन्या मशीनची नेमप्लेट वाचलीत का? मोटर किती एचपी, व्होल्ट किती?

रेवती_ना

फोटो काढला होता. १ एचपी, ४१५ व्होल्ट, १,४२० आरपीएम. मोटरच्या डब्यात सहा टोकं दिसतात, तीन एकत्र पट्टीने जोडलेली. स्पिंडलला "एमटी २" असं कोरलंय. मध्ये तिसरी पुली आहे, मी मोजली, मास्तर!

आयटीआय मास्तर

शाबास. एमटी २ म्हणजे मोर्स टेपर नंबर दोन. चक काढून टेपर शँकचं मोठं ड्रिल थेट बसवता येईल. चक काढायला स्पिंडलच्या खाचेत पाचर घालून हलका ठोका द्यायचा, खाली हात किंवा लाकूड धरून. टेपरच्या आत बोट फिरवून बघा. ओरखडे, उंचवटे नकोत. कोणीतरी ड्रिल आत फिरवून टेपर खाल्लेला असतो.

मोटरबद्दल माझं मत, थ्री फेज काढून सिंगल फेजची कपॅसिटर स्टार्ट, १ एचपी, चार पोलची बसवा. गल्लीतला मोटर दुरुस्तीवाला सांभाळू शकेल. फक्त शाफ्ट तपासा. १ एचपी चार पोलच्या मोटरचा शाफ्ट सहसा १९ मिमी असतो, तुमची पुली त्यावर बसली पाहिजे.

भोसरीकर

मास्तर, इथे मी वेगळं सांगेन. मोटर चांगली असेल तर काढू नका, व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा) लावा. सहा टोकं बाहेर आहेत आणि तीन पट्टीने एकत्र आहेत, म्हणजे मोटर स्टारमध्ये (तिन्ही वेटोळ्यांची एकेक टोकं एकत्र) जोडलेली आहे. नेमप्लेटवर २४० डेल्टा, ४१५ स्टार असं लिहिलं असेल, तर पट्ट्या बदलून डेल्टा (तिन्ही वेटोळी एकमेकांना त्रिकोणात जोडलेली) करायची. मग घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी तिला २३० व्होल्टचे तीन फेज देतो. हळू सुरू होते, झटका नाही, घरातले दिवे मिटमिटत नाहीत. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच टाकू द्यायचा नाही.

आयटीआय मास्तर

मान्य, पण एक धोका सांगतो. व्हीएफडी आला की लोक बेल्ट बदलणं सोडतात, सगळं बटणावर करतात. मोटर निम्म्या वेगाने फिरवली की तिची ताकदही निम्म्यावर येते, टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच राहतो. पुलीने वेग निम्मा केला तर टॉर्क दुप्पट मिळतो. ६३ च्या सॉला टॉर्क हवा. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, हळू फिरली की स्वतःला थंडही करू शकत नाही. कमी वेगासाठी बेल्टच बदला, व्हीएफडी बारीक फरकापुरता.

आणि कोणताही मार्ग घ्या, वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. सिंगल फेज मोटरला नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर, व्हीएफडीला पुश बटण आणि ऑटो-रीस्टार्ट बंद. आपल्याकडे वीज जाते तेव्हा माणूस मशीन सोडून चहाला जातो. परत येते तेव्हा चकमध्ये काय अडकलेलं असतं ते कोणाला आठवतं?

भोसरीकर

हे बरोबर. मीही बेल्टच बदलतो.

पंचगंगा

ताई, न्यायचं कसं ते ठरवलंत का? पिलर ड्रिलचं डोकं जड, पाया लहान. उभं हलवायला गेलात तर तोंडावर पडतं. आधी टेबल काढा, मग मोटर, मग डोकं खाली उतरवून आवळा. आडवं झोपवून न्या. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी जमिनीला बोल्ट.

रेवती_ना

(सहा दिवसांनी)

मंडळी, जाऊन आले. सगळं लिहिते.

जाण्याआधी बाबांची पेटी पहिल्यांदाच नीट उघडली. तळाला, तेलकट फडक्यात, लाकडी डबीत डायल गेज निघाला. मॅग्नेटिक स्टँडसकट. डबीच्या झाकणावर आतून पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात तारीख. काटा अजून लोण्यासारखा फिरतो. दशांशभाऊ, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती डबी उघडलीच नसती.

शेडमध्ये मालक आणि त्यांचा एक जुना कारागीर होता. मी गेज लावला तेव्हा मालक बाजूला सरकले आणि कारागीर पुढे आला. त्याने स्वतः बेल्ट फिरवून दिला. दांड्यावर काटा ०.०८ दाखवत होता. चक काढून स्पिंडलच्या टेपरच्या आत टेकवला तर ०.०२. म्हणजे दोष चकचा. क्विल पूर्ण खाली ओढून हलवली, काही नाही. टेपरमध्ये बोट फिरवलं, एक बारीक ओरखडा, उंचवटा नाही. तारेची परीक्षा केली तेव्हा टेबल उजवीकडे कललेलं निघालं. कारागिराने खालचा बोल्ट सैल करून दोन मिनिटांत लंबात आणलं.

पंचगंगाकाका, सगळं वाजवून पाहिलं. टेबलाच्या ब्रॅकेटला डावीकडे आवाज बद्द आला. रंग खरवडला तर तुम्ही सांगितलेला पिवळा पट्टा. कारागीर म्हणाला, चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच ब्रेझिंग केलंय, तेव्हापासून हललं नाही. ते मी मालकांसमोर मांडलं. सतरा हजाराला ठरलं.

काल आडवं झोपवून आणलं. नेमप्लेटवर २४० डेल्टा लिहिलेलं आहे. व्हीएफडी बसवायला इलेक्ट्रिशियन आज येऊन गेला, पुश बटण लावलं, जमिनीला चार बोल्ट. एकूण २५ हजारांच्या आत बसलं. संध्याकाळी बेल्ट सगळ्यात खालच्या पायरीवर टाकून पहिलं चाक कापलं. मग दुसरं. दोन्ही एका दांड्यात ओवून टेबलावर ढकलली. सरळ गेली. भिंतीपर्यंत सरळ.

सुतारपक्षी

वा ताई! फोटो टाका.

दशांश

०.०२ टेपरमध्ये! त्या वयाच्या मशीनला हे फार चांगलं. चक बदला, घाई नाही. गेज मात्र परत त्याच फडक्यात ठेवा.

पंचगंगा

ब्रेझिंगच्या जागी लक्ष ठेवा. टेबल आवळताना चावीला पाइप लावून जोर देऊ नका, हाताने लागेल तेवढंच. रंग तसाच खरवडलेला राहू द्या, रेघ वाढली तर दिसेल.

चिऊताई

रेवतीताई, मी पुढच्या आठवड्यात नाशिकला येतेय. बघायला येऊ का? आणि तो कारागीर अजून काही विकतोय का?

रेवती_ना

या की! मशीन संपली तिथली, पण एक बेंच व्हाइस उरलाय, त्यांना विचारून ठेवते.

मास्तर, शेवटचा एक प्रश्न. मोटर आणि मधल्या पुलीतला बेल्ट आतून तडकलाय. दुकानात काय मागू? त्यावरचं लिखाण पुसलंय.

आयटीआय मास्तर

बाहेरच्या अंगाची रुंदी मोजा. १३ मिमी असेल तर ए सेक्शन. मग दोरी घेऊन दोन्ही पुल्यांच्या खाचेतून तळाजवळून फिरवा आणि इंचात मोजा. ३१ इंच आलं तर ए-३१ मागा. मोटर तिच्या सरकत्या पट्टीवर मधोमध ठेवून मोजा, म्हणजे नवा बेल्ट चढवायला आणि पुढे ताणायला दोन्हीकडे जागा उरेल.